पिवळ्या पिशवीचा दिवस

सकाळी ६

रक्तकेंद्रातली माणसं उठल्याबरोबर देवाआधी फ्रीझर बघतात. रात्रपाळीच्या पोराने ग्रुपवर फोटो टाकलेला असतो: उणे ३६. म्हणजे रात्री वीज गेली नाही, किंवा गेली तरी जनरेटरने दगा दिला नाही. जूनमध्ये झाशीचा पारा ४५ ला टेकतो. बाहेर ४५, आत उणे ३६. या ८१ अंशांच्या फरकावर आमची नोकरी उभी आहे.

आमचं घर सीपरी बाजारात, स्टेशनच्या पलीकडे, शिवपुरीकडे जाणाऱ्या बाजूला. घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच. आमची मराठी पुण्याच्या नातेवाइकांना हिंदी वाटते आणि आमची हिंदी इथल्या शेजाऱ्यांना मराठी. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून पंप घेत आहेत. उभ्या जन्मात त्यांनी विडीला हात लावलेला नाही, पण तरुणपण सगळं चुलीपुढे गेलं. आता जिना चढताना मध्ये थांबावं लागतं.

"आज शिबिर का गं?"

"हो आई, मैदानापाशी."

"या उन्हात कोण रक्त देणार?"

देतात. जूनमध्ये कॉलेजं बंद असतात, लग्नं आणि लू दोन्ही जोरात असतात, पिशव्यांचा तुटवडा पडतो. तरी १४ जूनच्या रक्तदाता दिनाच्या आसपास कुणी ना कुणी मंडप घालतंच.

सकाळी ८

हीरोज मैदान आमच्या भागाचा अभिमान. हॉकीपटू ध्यानचंद इथलेच, १९७९ मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कारही याच मैदानावर झाले. जवळच्या टेकडीवर त्यांचा पुतळा आहे. शिबिराच्या मंडपात मात्र पुतळ्यापेक्षा कूलर महत्त्वाचा. आम्ही खाटा लावतो, वजनकाटा ठेवतो, हिमोग्लोबिनच्या सुया मोजून घेतो.

खरी लढाई नाक्यावरच्या कचोरी-जलेबीशी असते. उपाशीपोटी रक्त देऊ नका, असं आम्हीच सांगतो आणि लोक ते फार मनावर घेतात. भरपूर तूप-तेल खाऊन आलेल्याचा प्लाझ्मा दुधासारखा पांढरा निघतो. तसा प्लाझ्मा औषधाच्या कारखान्याला चालत नाही, तपासणीची यंत्रंही त्यात गोंधळतात. म्हणून मी रांगेतून फिरत सांगत असते: पोहे खा, केळं खा, चहा घ्या, कचोरी नंतर. आयोजक माझ्याकडे असे बघतात जणू मी त्यांच्या पाहुणचाराचा अपमान केला.

सकाळी १० ते १२.३०

पहिला प्रश्न दरवर्षी तोच. बाहू पुढे करून पैलवान विचारतो, "कमजोरी तो नईं आहै?" नाही येत. वय १८ ते ६५, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, वजन ४५ किलोच्या पुढे असेल तर ३५० मिलिलिटर आणि ५५ च्या पुढे असेल तर ४५० मिलिलिटर घेता येतं. पुरुषाला पुढचं रक्तदान तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी.

दुसरा प्रश्न पैशांचा, आणि तो कुजबुजत येतो. आपल्याकडे रक्त विकायला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदाते बंद झाले. अमेरिकेत प्लाझ्मा देणाऱ्याला पैसे मिळतात, आणि जगभरच्या औषधांसाठी लागणाऱ्या प्लाझ्मापैकी निम्म्याहून जास्त त्या एका देशातून येतो. आपल्याकडे बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र. हे बरोबर की चूक, यावर आमच्या केंद्रात दुपारच्या डब्यावर बरेचदा वाद होतो. मी बंदीच्या बाजूची आहे. बंदीच्या आधी स्टेशनच्या आसपास रक्त विकून दिवस काढणारी माणसं कशी दिसायची, हे आमच्या जुन्या सहकाऱ्यांकडून ऐकलेलं आहे.

तिसरा प्रश्न क्वचित येतो, आणि आला की मला बरं वाटतं: "इसका करते क्या हो?"

दुपारी १

आता घड्याळ सुरू. पिशवी भरल्यापासून सहा, फार तर आठ तासांत प्लाझ्मा वेगळा होऊन गोठला पाहिजे. उशीर झाला तर त्यातला फॅक्टर आठ, म्हणजे हिमोफिलियाच्या रुग्णाला लागणारं प्रथिन, झपाट्याने कमी होतं. फुफ्फुसांच्या आजारांवर कामी येणारी जी प्रथिनं आहेत ती इतकी नाजूक नाहीत. उशिरा गोठलेल्या प्लाझ्मातूनही ती मिळतात. पण पिशवी एकच आणि रुग्ण अनेक, त्यामुळे सगळ्यात नाजूक प्रथिनाच्या वेळापत्रकानेच सगळ्यांना चालावं लागतं.

प्लेटलेट काढायच्या असतील तर रक्त थंड करूनही चालत नाही, २० ते २४ अंशांतच ठेवावं लागतं. बाहेर ४५ असताना आत २२ राखणारा डबा मांडीवर घेऊन मी गाडीत बसते. पुलावर गाड्या खोळंबलेल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, पुढचा रिक्षावाला वळून बघतो, कुणी हलत नाही. रुग्णवाहिकेला वाट मिळते, रक्ताच्या गाडीला मिळत नाही.

दुपारी २ ते ४.३०

दिवसाचा गाभा हा. पिशव्या सेंट्रिफ्यूजच्या पेल्यांत जोडीजोडीने वजन जुळवून बसवायच्या, आधी लाइट स्पिन, मग हेवी स्पिन. तांबड्या पेशी जड, त्या तळाला. प्लेटलेटची पिशवी वेगळी, ती पाच दिवस टिकते आणि सतत हलती ठेवावी लागते. उरतो तो प्लाझ्मा. ४५० मिलिलिटर रक्तातून साधारण २०० ते २५० मिलिलिटर.

रंग बहुधा गवती पिवळा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईचा कधीकधी हिरवट असतो, आणि नवीन पोरं पहिल्यांदा बघून घाबरतात. नळी सील करायची, लेबल लावायचं, ब्लास्ट फ्रीझरमध्ये आडवी ठेवायची. उणे ३० च्या खाली ती वर्षभर राहते.

या पिवळ्या पाण्यात बहुतेक पाणीच असतं. बाकीच्यात शेकडो प्रथिनं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डच्या एडविन कोन यांनी अल्कोहोल, थंडी आणि आम्लता यांचे आकडे बदलत ती एकेक करून गाळासारखी खाली बसवायची रीत काढली. तेव्हा सैनिकांसाठी अल्ब्युमिन हवं होतं. आजही कारखाने मूळ त्याच वाटेने चालतात. गाळांना क्रमांक आहेत: दुसऱ्यात प्रतिपिंडं, पाचव्यात अल्ब्युमिन, आणि चौथ्याच्या एका भागात अल्फा-वन अँटिट्रिप्सिन नावाचं प्रथिन. फुफ्फुसांच्या जुनाट आजारांशी संबंध येतो तो दुसऱ्या आणि चौथ्या गाळाचा.

चौथ्याची गोष्ट आधी सांगते, कारण ती सुटसुटीत आहे. स्वीडनमधल्या माल्मो इथे कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन रुग्णांच्या रक्तातली प्रथिनं विजेच्या साहाय्याने कागदावर पसरवून बघत होते. काहींच्या कागदावर एक ठरावीक पट्टाच उमटेना. १९६३ मध्ये त्यांनी अशा पाच जणांची माहिती छापली. त्यांतल्या तिघांची फुफ्फुसं कमी वयातच फुगून निकामी झाली होती. नंतर कारण उलगडलं. जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी इलॅस्टेज नावाचं विकर सोडतात. ते जंतूंबरोबर फुफ्फुसाचे लवचीक धागेही खातं. त्याला आवरणारं प्रथिन यकृतात तयार होऊन रक्तातून फुफ्फुसात पोचतं. या माणसांत जनुकातल्या दोषामुळे ते यकृतातच अडकून पडतं. वाघ मोकळा आणि राखणदार कोठडीत. वर सिगारेट असेल तर जे थोडं प्रथिन पोचतं तेही धुराने निकामी होतं.

इलाज सरळ सुचण्यासारखा: निरोगी लोकांच्या प्लाझ्मातून तेच प्रथिन काढून शिरेतून द्यायचं. अमेरिकेत १९८७ मध्ये त्याला परवानगी मिळाली. डोस किलोमागे ६० मिलिग्रॅम, दर आठवड्याला, आयुष्यभर.

मी एकदा हातातल्या पिशव्यांवरून हिशेब मांडला. ६० किलोच्या माणसाला आठवड्याला ३.६ ग्रॅम. लिटरभर प्लाझ्मात हे प्रथिन साधारण दीड ग्रॅम. गाळताना एक थेंबही वाया जात नाही असं धरलं तरी जवळजवळ अडीच लिटर, म्हणजे दहा-अकरा पिशव्या. प्रत्यक्षात बरंच वाया जातं, तेव्हा आकडा त्याच्या कितीतरी पुढे. आजचं अख्खं शिबिर एका माणसाच्या काही आठवड्यांत संपेल.

आणि एवढं करून मिळतं काय? २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १८० रुग्णांची चाचणी छापून आली. सीटी स्कॅनवर फुफ्फुस विरळ होण्याचा वेग औषधाने कमी झालेला दिसला. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, आणि फुंकर मारायच्या चाचणीत किंवा रोजच्या धापेत त्या काळात ठळक फरक दिसला नाही. माझ्या मते तरीही हे औषध मोलाचं आहे. चाळिशीतल्या माणसाची पडझड मंदावणं म्हणजे त्याची पुढची कित्येक वर्षं वाचणं. पण हे चमत्काराचं औषध नाही, हे आधी सांगितलेलं बरं.

संध्याकाळी ५

खिडकीशी एक मुलगा उभा. वडिलांना जुना दमा, दोन दिवसांपासून जास्त. कुणीतरी सांगितलंय, प्लाझ्मा चढवला की श्वास मोकळा होतो. हातात चिठ्ठी नाही, डॉक्टरांची सही नाही, फक्त आशा.

ही कोविडची देणगी. २०२० मध्ये कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या प्लाझ्मासाठी लोकांनी रात्री-अपरात्री फोन फिरवले. महाराष्ट्रात जूनच्या शेवटी 'प्लाटिना' नावाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्याच वेळी आयसीएमआरची चाचणी चालू होती: ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. मृत्यू कमी झाले नाहीत, आजार बळावणंही थांबलं नाही. मे २०२१ मध्ये सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा काढून टाकला. यादीतून गेला, लोकांच्या डोक्यातून नाही.

उलट, साधा गोठवलेला प्लाझ्मा दमेकऱ्याला अपायच करू शकतो. अंगात पाणी वाढून धाप वाढते. शिवाय बाळंतपणं झालेल्या बाईच्या रक्तात काही प्रतिपिंडं तयार झालेली असतात, त्यांनी क्वचित रुग्णाच्या फुफ्फुसाला काही तासांत सूज येते, आणि ती जिवावर बेतते. कारखान्यात हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र होतो तेव्हा ही प्रतिपिंडं इतकी पातळ होतात की तो धोका जवळजवळ उरत नाही. म्हणजे पिशवी तीच. थेट चढवली तर जोखीम, गाळून नीट दिली तर औषध. मी त्या मुलाला एवढंच सांगितलं: "भैया, पापा को मेडिकल कॉलेज ले जाओ, ऑक्सिजन नपवाओ." तो गेला. रिकाम्या हाती पाठवल्याचा राग त्याच्या पाठीवर दिसत होता.

संध्याकाळी ७

सीपरी बाजाराच्या एका गल्लीत छातीच्या डॉक्टरांचा दवाखाना. सासूबाईंना दाखवायचं आहे. बाकावर बसलेल्यांत गोरामछियाकडच्या खडी-क्रशरवरचा कामगार आहे, त्याच्या भुवयांतसुद्धा धूळ. शेजारी तीनदा टीबीची औषधं घेतलेली बाई. मग आमच्यासारख्या चुलीच्या सुना आणि सासवा. देशात २०१६ मध्ये साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी, म्हणजे श्वास अडवणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार, असल्याचा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'ने छापला होता. त्यांतले किती तरी असेच, कधी सिगारेट न ओढलेले.

आत गेल्यावर सासूबाईंनी विचारलंच, "डॉक्टरसाहेब, हिच्याकडचं ते पिवळं पाणी मला चालेल का?"

डॉक्टर हसले नाहीत, हे मला आवडलं. सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णात हे प्रथिन एकदा तपासावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सासूबाईंची तपासणी मागे झालेली, पातळी चांगली. दोषाचा सगळ्यांत गंभीर प्रकार उत्तर युरोपातल्या वंशांत जास्त, आपल्याकडे फारच विरळा. क्रशरच्या धुळीने किंवा चुलीच्या धुराने गेलेल्या फुफ्फुसाला बाहेरून अँटिट्रिप्सिन देऊन उपयोग नाही. त्यांना पंप, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस, चालणं, आणि घरात धूर नको.

"म्हणजे माझ्या नशिबात नाही," सासूबाई म्हणाल्या.

"गरजच नाही, आई," मी म्हटलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. घेता येत नाही ते औषध नेहमी जास्त गुणकारी वाटतं.

दुसऱ्या गाळाची गोष्ट याच दवाखान्यात कळली. एक शाळकरी मुलगा वर्षात कितीदा तरी न्यूमोनियाने यायचा. टीबी समजून औषधं झाली, दमा समजून पंप झाले. शेवटी सीटी स्कॅनमध्ये श्वासनळ्या रुंद होऊन सैल पडलेल्या दिसल्या, त्यांत कफ साचून राहायचा. मग रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी मोजली, तर ती नावापुरती. जन्मतःच हे शरीर प्रतिपिंडं बनवत नव्हतं.

या आजाराचं पहिलं वर्णन १९५२ चं. अमेरिकी लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांच्याकडे आठ वर्षांचा मुलगा होता, पुन्हा पुन्हा रक्तात जंतू, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया. त्यांनी दर महिन्याला त्याला दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली प्रतिपिंडं टोचली आणि आजारपणं थांबली. आज हेच इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दर तीन-चार आठवड्यांनी देतात, कारण बाहेरून दिलेली प्रतिपिंडं सुमारे तीन आठवड्यांत निम्मी होतात. वेळेत सुरू झालं तर फुफ्फुसं वाचतात. उशीर झाला तर उरलेली तरी टिकतात. निदानाची सोय मोठ्या शहरांत आहे. मुंबईत परळला के.ई.एम.च्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था अशा आजारांवर काम करते.

हिशेब इथेही केला. २० किलोच्या मुलाला एका वेळी ८ ग्रॅम लागले, आणि लिटरमागे हाती साधारण चार ग्रॅम येतात, तर दोन लिटर. नऊ-दहा पिशव्या, एका मुलाच्या एका महिन्यासाठी. मूल वाढतं तशा पिशव्याही वाढतात. अल्फा-वनची कथा सुरस आहे, पण झाशीतल्या दात्याचा प्लाझ्मा एखाद्या फुफ्फुसाच्या कामी येण्याची खरी शक्यता या मुलांपाशी आहे.

रात्री ९.३०

सासूबाईंना जेवायला वाढून मी पुन्हा केंद्रात. आज कारखान्याची गाडी आली आहे, आत उणे २० चा डबा. एचआयव्ही, दोन्ही काविळी, गरमी आणि मलेरिया, या सगळ्या तपासण्यांत उतरलेल्याच पिशव्या जातात. एकेक क्रमांक वाचायचा, खूण करायची, खोका बंद करायचा. बोटं बधिर होतात आणि पाठीला घाम असतो.

असा प्लाझ्मा पूर्वी गटारात जायचा. रुग्णांना तांबड्या पेशी लागायच्या, पिवळी पिशवी मुदत संपून फेकली जायची. २०१४ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जास्तीचा प्लाझ्मा कारखान्यांना लिटरमागे १६०० रुपये विनिमयमूल्याने देता येऊ लागला. एका पिशवीचे साडेतीनशेच्या आसपास. त्यातून तयार झालेलं इम्युनोग्लोब्युलिन बाजारात हजारोंच्या भावाने विकलं जातं, हे दात्यांना कळलं की ते चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला रास्त वाटतं. कारखान्याचा खर्च खोटा नाही: हजारो पिशव्या एका टाकीत, पुन्हा तपासण्या, विषाणू मारायला रसायनं आणि उष्णता, अतिसूक्ष्म गाळण्या. १९८० च्या दशकात दूषित प्लाझ्माच्या औषधांतून हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांना एचआयव्ही झाला, त्यानंतर ही काळजी आली. दान ते औषध यात सात ते बारा महिने जातात. पण फुकट दिलेल्या वस्तूच्या औषधातला काही हिस्सा सरकारी रुग्णालयातल्या मुलांना फुकट परत मिळावा, एवढी अट घालायला काय हरकत होती?

आणखी एक खटकतं. दुसऱ्या आणि पाचव्या गाळाला गिऱ्हाईक आहे. चौथ्याला नसेल तिथे तो टाकून दिला जातो. फुफ्फुसाचं प्रथिन आपल्या पिशवीतून निघूनही औषध बनतच नाही, कारण तपासणी होत नाही म्हणून रुग्ण सापडत नाहीत, आणि रुग्ण नाहीत म्हणून कुणी बनवत नाही.

रात्री ११

गाडी गेली. नवी मुंबईत रबाळ्याला रिलायन्स लाइफ सायन्सेसचा असा कारखाना आहे, गुजरातेत आणि बंगळुरूकडेही आहेत. फ्रीझर रिकामा झाला की कंप्रेसरचा आवाज बदलतो. रात्रपाळीला सांगितलं, दर दोन तासांनी नोंद कर, फोटो सकाळी सहाला टाक.

वाचणाऱ्यांना दोन विनंत्या. रक्त द्यायला जाल तेव्हा विचारा, इथे घटक वेगळे करतात का, आणि उरलेला प्लाझ्मा कुठे जातो; उत्तर मिळेल अशाच केंद्रात द्या, आणि त्या सकाळी तळकट खाऊ नका. दुसरी घरातल्या मुलांसाठी: एखाद्या मुलाला वर्षात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल, टीबीची औषधं घेऊनही खोकला सरत नसेल, तर डॉक्टरांना त्याची इम्युनोग्लोब्युलिनची पातळी मोजायला सांगा. त्यासाठी थोडंसंच रक्त लागतं.